मॉरिशस नोंदी: गुलाबी कबुतरांचा फीडर, उंदरांची लाइन आणि चार वर्षांची मुक्ता

६ ऑगस्ट २०२३

लहान पोर घेऊन अशा कामावर यायचा विचार करणाऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतेय, जसं होईल तसं. मॉरिशसच्या ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्कात गुलाबी कबुतरांवर लक्ष ठेवायचं हे काम आहे. म्हणजे फीडरवर रोज दाणे घालायचे, पायातल्या रंगीत रिंगा वाचून आज कोण आलं कोण नाही ते लिहायचं, घरटी शोधायची, आणि उंदीर-मुंगूस-मांजरांच्या सापळ्यांची लाइन चालत तपासायची. हे माझं काम. निखिल पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करतो. मुक्ता चार वर्षांची.

आधी वेळेचं सांगते कारण सगळा संसार त्यावर उभा आहे. भारत इथून दीड तास पुढे, म्हणजे पुण्याचं ऑफिस साडेनऊला सुरू झालं की इथे आठ. मी पहाटे पाचला निघते, निखिल मुक्ताला उठवून, आंघोळ, डबा करून आठच्या आत प्री-प्रायमरीत सोडतो आणि लॅपटॉप उघडतो. मी दुपारी दोनपर्यंत परत येऊन तिला आणते. त्याचं काम साडेचार-पाचला संपतं, मग संध्याकाळी सुतारकाम-पत्राकाम करायला तो मोकळा. युरोप-अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा जोडीदार असेल तर हे असं जमणार नाही, वेगळी सोय बघावी लागेल.

१९ ऑगस्ट

घर चुकीचं निघालं. रान वरच्या पठारावर आहे म्हणून आम्ही वरच घर घेतलं, जवळ पडेल म्हणून. इथे ऑगस्ट म्हणजे हिवाळा, वर सतत भुरभुर पाऊस आणि धुकं, रात्री स्वेटर लागतो. कपाटातल्या कपड्यांना बुरशी, दुर्बिणीच्या काचेत बुरशी, गादीखाली हात घातला तर ओलं, आणि मुक्ताचा खोकला काही जाईना. डिह्युमिडिफायर आणला, ८,५०० रुपये (इथले रुपये, आपले साधारण पावणेदोन पट धरा). रोज सकाळी त्याची टाकी भरलेली असायची पण भिंती काही कोरड्या झाल्या नाहीत.

म्हणून खाली पश्चिम किनाऱ्याकडे कास्कावेल गावात घर बघितलं. बेट छोटं असलं तरी वरचा भाग ओला आणि पश्चिमेची पट्टी कोरडी, अर्ध्या तासाच्या अंतरात हवा बदलते. डिपॉझिटचा मोठा हिस्सा गेला, पेट्रोल वाढलं, मला रोज अर्धा तास लवकर उठावं लागतं. तरी घ्यायचंच ठरवलं. मूल असेल तर रानाच्या जवळचं घर न बघता कोरडं घर बघा, हे मी कुणालाही सांगेन.

२ सप्टेंबर

शिफ्ट झालो. कास्कावेलमधे मराठी वस्ती जुनी आहे हे ऐकून माहीत होतं, पण घरमालकीण आजींनी दारातच मुक्ताला "ये बाळ" म्हणून कडेवर घेतलं तेव्हा बरं वाटलं. त्यांच्या आज्या-पणज्यांचं मूळ रत्नागिरीकडचं. बोलतात मुख्यतः क्रेओल, मधे मधे मराठी. मुक्ता आठवड्याभरात त्यांच्याकडून "मो पा ले" शिकलीय, म्हणजे मला नको, आणि आता प्रत्येक जेवणाला तेच.

घरात एक नियम लावलाय. रानातले बूट, गेटर्स (नडगीवर बांधायचं कापडी आवरण), बॅग बाहेरच्या पडवीत, एका झाकणाच्या ड्रममधे. मी पडवीतच कपडे बदलते, ते वेगळ्या बादलीत भिजतात, मग हात धुवून मुक्ताला हात लावायचा. पक्ष्यांच्या विष्ठेशी रोज संबंध येतो म्हणून हे लेकीसाठी जितकं गरजेचं तितकंच उलट बाजूने पक्ष्यांसाठीही. इथल्या मूळच्या पोपटाला, एको पॅराकीटला, चोच आणि पिसं झडायच्या विषाणूचा मोठा फटका बसून गेलाय, त्यामुळे पोपटांच्या टीमचं सामान आणि आमचं सामान एकमेकांत मिसळत नाही, दोरीसुद्धा नाही.

११ सप्टेंबर

आता मुख्य काम, फीडर. दाणे का घालावे लागतात असं घरून सगळे विचारतात. १९९१ च्या सुमारास हे कबुतर रानात जेमतेम १० उरलं होतं. पिंजऱ्यात वाढवून सोडणं, शिकारी प्राण्यांचा बंदोबस्त आणि रोजचं खाणं या तिन्हीवर आज ते ४००-५०० पर्यंत आलंय. मूळ रान मात्र फारच थोडं शिल्लक आहे आणि जे आहे त्यात चिनी पेरू घुसलाय, इतका दाट की काठ्या रोवल्यासारखा, माणूस आडवा होऊन शिरतो. फळं-कळ्या-पानं देणारी जुनी झाडं कमी झाली की पाखरू उपाशी राहतं, अंडी घालत नाही. म्हणून भरडलेला मका आणि गहू.

माझ्या भागातल्या एका ठिकाणचा जुना फीडर गंजून गेला होता. नवीन करायला टीम लीडरनी परवानगी दिली. निखिलने बनवलेला पहिला नमुना असा: ११० मिमीचा पीव्हीसी पाइप उभा, त्यात दाणे, खाली जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा ट्रे, वर पत्र्याचं छप्पर, सगळं दीड मीटर उंच लोखंडी खांबावर. खर्च सुमारे २,४०० रुपये. लावला आणि दोन रात्रींत पाइपमधला मका ओला होऊन फुगला, गच्च अडकला, खालचा थर काळा पडला. वरच्या पठारावर पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याने आडवा येतो, त्यामुळे छप्पर कितीही मोठं केलं तरी फवारा आत जातोच.

बदल असे केले. पाइप अर्धा कापला, म्हणजे एका दिवसाचंच धान्य मावेल. छप्पर चारी बाजूंनी २० सेमी बाहेर काढलं आणि कडा खाली वाकवल्या. ट्रेला ३ मिमीची भोकं पाडली, आधी ६ मिमीची पाडली होती तर भरडा खाली गळून जमिनीवर उंदरांची पंगत बसायला लागली. जोड एमसीलने बंद केले, ते घरून आणलं होतं, इथे मिळणारं इपॉक्सी ओल्यात नीट बसत नाही.

२४ सप्टेंबर

गणपती झाले. इथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. आजींच्या घरी आरती, मोदक, आणि मग वाजतगाजत समुद्रावर विसर्जन. मुक्ता वाळूत झोपून गेली.

परतल्यावर कॅमेरा ट्रॅपचं (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचं) कार्ड बघितलं तर सलग दोन रात्री ट्रेमधे उंदीर. खांबाला पत्र्याचा शंकू लावला होता, कोकणात माडाला उंदीर चढू नये म्हणून पत्रा मारतात तसाच, आणि तो खालून येणाऱ्यांना नीट अडवत होता, पण हे येत होते वरून. पेरूच्या फांद्या छपराच्या वर झुकल्या होत्या, तिथून सरळ उडी. कोयत्याने चारी बाजूंनी अडीच मीटर मोकळं केलं. दोन मीटरवर एक उंदीर अजूनही पोचला होता, अडीचला बंद झालं. पेरू भराभर वाढतो म्हणून हे दर महिन्याला करावं लागणार, कॅलेंडरवर टाकलंय. आणि फांद्या तोडताना आधी पानांखाली बघा. पिवळ्या गांधीलमाशांची पोळी पेरूच्या झुडपात छातीच्या उंचीवर असतात, निखिलला कानाला आणि मनगटाला चावल्या, सुजलेला हात घेऊन पुढची मीटिंग केली त्याने.

८ ऑक्टोबर

उंदीर थांबले तर दिवसाचे पाहुणे सुरू झाले. साळुंक्या, शिपाई बुलबुल, आपले गळ्यात कंठ असलेले पोपट आणि मादागास्करचे होले. कबुतरं सकाळी येईपर्यंत निम्मा ट्रे रिकामा. हे सगळे बाहेरून आणलेले पक्षी. साळुंकी टोळ खायला म्हणून आणली होती अठराव्या शतकात. मला त्यांचा आवाज ऐकून अजूनही सावंतवाडीतलं अंगण आठवतं, पण इथे तीच साळुंकी इथल्या पक्ष्यांच्या ढोल्या बळकावते आणि आपला पोपट एको पॅराकीटच्या.

होल्याचा प्रश्न जास्त गंभीर. त्याच्या घशात ट्रायकोमोनास नावाचा सूक्ष्म जीव असतो, त्याला स्वतःला फारसं काही होत नाही, पण एकाच ट्रेमधे खाल्लं-प्यायलं की तो कबुतराकडे जातो. म्हणून होला ट्रेवर बसताच कामा नये.

वजनावर चालणारी झडप करायची ठरली. मोठं गुलाबी कबुतर ३०० ग्रॅमच्या आसपास, होला त्याहून बराच हलका, साळुंकी आणि पोपट साधारण १०० ते १३०. म्हणजे पुढच्या पट्टीवर २५० ग्रॅम पडले तरच झाकण उघडावं. निखिलने आधी स्प्रिंग वापरली. घरी किचनच्या वजनकाट्याने मापून बसवली, छान चालली, रानात काही दिवसांतच गंजून अडकली. मग स्प्रिंग काढून मागच्या बाजूला उलटं वजन लावलं. मासेमारीचं शिसं स्वस्त पडलं असतं, पण दाणे टिपणाऱ्या पक्ष्याजवळ शिसं नको, म्हणून स्टेनलेसचे नट-वायसर एका बोल्टवर ओवले. एकेक वायसर काढून-घालून पाच-पाच ग्रॅमचा फरक करता येतो, हे स्प्रिंगपेक्षा कितीतरी सोपं.

लावल्यावर दोन गोष्टी कळल्या. एक, दोन होले शेजारी बसले की वजन पुरतं आणि झाकण उघडतं. पट्टी कापून १२ सेमी केली, एकच पक्षी बसेल इतकी. दोन, झाकण पत्र्यावर आपटून खटकन आवाज करायचं आणि कबुतर उडून जायचं. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, आवाज गेला. तरी कबुतरं पहिले काही दिवस बिचकतात, त्यामुळे झाकण आधी दगड लावून पूर्ण उघडं ठेवायचं, मग तीन बोटं, मग दोन, असं खाली आणत जायचं. घाई केली तर पक्षी ती जागाच सोडतो. शेजारच्या जागेवर आम्ही एकदम बंद ठेवून बघितलं तर काही दिवस तिथे कुणी फिरकलं नाही, पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

२९ ऑक्टोबर

मुंगूस सापडलं. लाकडी पेटीचा सापळा, आत खारवलेला मासा. उंदरांना पीनट बटर चालतं, मुंगसाला आणि मांजराला मासाच लागतो, आणि वास टिकायला दर दोन दिवसांनी बदलावा लागतो.

हे लिहायला जड जातंय पण लिहायला हवं, कारण आपल्याकडून येणाऱ्या प्रत्येकाला याला तोंड द्यावं लागेल. लहानपणी शाळेच्या वाटेवर मुंगूस दिसलं की आम्ही थांबून "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शप्पथ" म्हणायचो, त्याने वळून बघितलं की दिवस चांगला जाणार. सापळ्याच्या जाळीतून तेच तोंड माझ्याकडे बघत होतं, लाल-तपकिरी डोळे, नाकावर माशाचं मीठ लागलेलं, अजिबात न घाबरता. १९०० साली प्लेगच्या भीतीने उंदीर मारायला म्हणून ते भारतातून इथे आणलं गेलं. उंदीर रात्री फिरतो, मुंगूस दिवसा. मग ते जमिनीलगत जे मिळेल ते खायला लागलं. गुलाबी कबुतर शांत, माणसाला न बिचकणारं, खाली उतरून दाणे टिपणारं पाखरू. लाखो वर्षं या बेटावर जमिनीवरून धावत येणारा शिकारी नव्हताच, त्यामुळे पळायची सवयच त्याच्या अंगात नाही.

टीममधल्या प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने नियमाप्रमाणे ते काम एका क्षणात केलं. मी बाजूला उभी राहिले, निघून गेले नाही. ज्याचा निर्णय आपण घेतो ते बघायची तयारी असायला हवी असं मला वाटतं.

मुक्ताला काय सांगायचं यावर आमच्यात बराच खल झाला. खोटं सांगायचं नाही इतकं ठरलं. सापळ्यांच्या लाइनवर तिला कधीच न्यायचं नाही, पण विचारलं तर सांगायचं. तिने विचारलं, मुंगूस वाईट आहे का? मी म्हटलं, नाही, ते आपल्याकडे चांगलंच आहे, इथे त्याला माणसांनी आणलं आणि इथली पाखरं त्याला ओळखत नव्हती. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली मग ज्याने आणलं त्याने परत न्यायचं ना.

१८ नोव्हेंबर

वाईट आठवडा. फीडरजवळच्या जोडीचं घरटं आम्हाला ऑक्टोबरच्या शेवटी सापडलं होतं, उंच क्रिप्टोमेरियात (सूचीपर्णी झाड), चार काड्यांचा विरळ मंच, खालून बघितलं तर अंड्यांचा पांढरा रंग दिसावा इतका. नर दिवसा बसतो, मादी रात्री. दोन आठवड्यांत दोन पिल्लं निघाली. रिंग घालायला टीममधला चढणारा वर गेला तेव्हा एक पिल्लू दुसऱ्याच्या अर्ध्या आकाराचं, चोच उघडी, घशात पिवळट चीजसारखा थर. ट्रायकोमोनास. आईबाप घशातून जे कबुतराचं दूध पाजतात त्यातूनच ते पिल्लाकडे जातं. पशुवैद्यांनी दोघांना त्यावरचं औषध, कार्निडाझोल, दिलं. मोठं वाचलं. छोटं दुसऱ्या दिवशी गेलं.

होले तर झडपेने बंद झाले होते, मग आलं कुठून, म्हणून सगळं तपासलं. प्यायच्या पाण्याचं भांडं उघडं होतं. खाण्याच्या ट्रेवर एवढी मेहनत आणि पाण्याचं भांडं दोन मीटरवर जमिनीलगत, कॅमेऱ्यात त्यावर होले रांगेने. पाणी तिथून हलवलं. एरवी जवळच ओढा आहे, कबुतरांना आमच्या पाण्याची तिथे गरजच नव्हती. कोरड्या जागी पाणी ठेवणं भाग असेल तर उंच ठेवा आणि रोज पूर्ण रिकामं करा.

धुण्याची पद्धतही बदलली. हा जीव ओल्यात तगतो आणि वाळला की मरतो, म्हणून नुसतं जंतुनाशकाने पुसून ओला ट्रे परत लावण्यात अर्थ नाही. प्रत्येक फीडरला ट्रेचे दोन सेट केले. एक रानात, एक खाली आमच्या पडवीत उन्हात खडखडीत वाळत. रोज अदलाबदल. जादा ट्रेचे १,८०० रुपये गेले. कोरड्या गावात घर घेतल्याचा असाही उपयोग होईल हे डोक्यात नव्हतं. वरच्या घरी ते कधी वाळलेच नसते.

मुक्ताने वाळत घातलेल्या ट्रेंना हात लावू नये म्हणून पडवीत लाल पट्टी मारलीय, तिच्या पलीकडे जायचं नाही. ती पाळते. उलट आजींनाच ओरडते.

३ डिसेंबर

वाचलेलं पिल्लू उडून फीडरवर आलं. डाव्या पायात पांढऱ्यावर निळी, उजव्यात धातूची. अजून गुलाबी झालेलं नाही, तपकिरी-राखाडीच. बापाच्या मागे पट्टीवर बसलं आणि झाकण उघडेना. वजनच कमी! पट्टीवर उभं राहून झाकणावर चोच मारत होतं, मग खाली उतरून पालापाचोळा उलटत बसलं. पिल्लं घरट्यातून निघाल्यावरही दोन-तीन आठवडे आईबापांवर अवलंबून असतात, पण त्याच दिवसांत ती स्वतः खायला शिकतात, आणि आमची झडप नेमकी त्यांनाच अडवते.

उपाय साधा आहे पण माणूस लागतो. सकाळी मी तिथे असते तो दीड-दोन तास झाकण अडकवून उघडं ठेवायचं, होले आले की हाकलायचे, निघताना झाकण सोडायचं. म्हणजे पिल्लं बाहेर पडायच्या दिवसांत त्या जागेवर रोज कुणीतरी थांबलंच पाहिजे. वेळापत्रकात ते आधीच धरा. पिल्लाचं वजन वाढलं की मग दोन-दोन वायसर कमी-जास्त करून बघायचे.

रिंगांचं वाचन मुक्ताला आवडतं. शनिवारी सापळे नसलेल्या पायवाटेवरच्या फीडरला तिला नेते. निखिलने तिला मण्यांची माळ करून दिलीय, प्रत्येक पक्ष्याच्या रिंगांचे रंग त्याच क्रमाने ओवलेले. दुर्बीण तिला अजून धरता येत नाही, पण पाखरं इतकी जवळ येतात की लागतच नाही. परवा तिने हिरव्या-पिवळ्या रिंगांचा एक पक्षी माझ्याआधी ओळखला आणि बरोबर ओळखला, माझ्या वहीत तो बरेच दिवस न दिसलेल्यांत होता.

घरचं: अंगणातल्या लिचीला फळं धरलीत आणि रात्री वटवाघळं येतात. इथली ही फळखाऊ वटवाघळं फक्त याच भागात आहेत, आणि लिची-आंब्याच्या नुकसानीवरून सरकारने २०१५ पासून काही वेळा हजारोंनी मारली. आजी जुन्या विचाराच्या, त्यांना वटवाघूळ डोळ्यासमोर नको. निखिलने झाडाच्या खालच्या फांद्यांना बारीक भोकाची जाळी ताणून बसवली, सैल जाळीत वटवाघूळ अडकून मरतं म्हणून ती घट्टच हवी, आणि वरचा शेंडा तसाच सोडला. खालची लिची आजींची, वरची त्यांची. आजींनी दोन दिवस विचार करून हो म्हटलं.

१७ जानेवारी २०२४

बेलाल चक्रीवादळ. १५ तारखेला डोळा शेजारच्या रेयुनियन बेटावरून गेला पण इथेही पाऊस असा की राजधानी पोर्ट लुईत रस्त्यावर गाड्या वाहत होत्या. इथे वॉर्निंग एक ते चार अशी चढत जाते, त्यामुळे तयारीला वेळ असतो असं आम्ही धरलं होतं. पण पाणी वॉर्निंगच्या आकड्याची वाट बघत नाही. पहिली वॉर्निंग लागली की पाणी भरा, गॅस बघा, फोन-पॉवर बँक चार्ज करा, गाडी उंचावर लावा, आणि घराबाहेर पडू नका. मुक्तासाठी आम्ही आधीच एक पेटी केली होती, रंग, चणे-कुरमुरे, टॉर्च, तिची चादर. वीज गेल्यावर ती पेटी उघडायची एवढंच तिला माहीत होतं, त्यामुळे ती रडली नाही.

फीडरचं आधी करायचं ते: झाकणं आणि ट्रे काढून आणायचे, पाइप रिकामे करायचे, खांब तसेच ठेवायचे. आम्ही तीन ठिकाणचं काढलं, चौथ्याला जायला वेळ मिळाला नाही, तिथे छप्पर सापडलंच नाही.

आज रस्ता मोकळा झाल्यावर वर गेले. झाडांना पानंच नाहीत. फळं, कळ्या, सगळं खाली. वादळानंतरचे आठवडे कबुतरांना सगळ्यात कठीण जातात, मारा वाऱ्याचा नसतो तितका उपासमारीचा असतो. आज सगळ्या झडपा उघड्या ठेवल्या आणि नेहमीच्या दुप्पट धान्य घातलं. होले येणार हे धरूनच. हा निर्णय टीमने मिळून घेतला, आजार की उपास यात आत्ता उपास मोठा आहे. आठवड्याने परत झडपा.

४ फेब्रुवारी

बेटावर डेंग्यूची साथ चालू आहे. वादळाने सगळीकडे पाणी साठलंय. निखिल आणि मुक्ता दर रविवारी अंगणातली भांडी, टायर, आजींच्या कुंड्यांच्या बशा उपड्या करतात. मला रानात लांब बाह्या सक्तीच्या. ताप आला तर पॅरासिटामॉलच, ब्रुफेन-अ‍ॅस्पिरिन नाही, हे फ्रिजवर लिहून लावलंय कारण रात्री दोनला घाईत आठवत नाही.

रिंगांच्या यादीत वादळाआधी नेमाने दिसणारे काही पक्षी अजून दिसलेले नाहीत. पांढऱ्यावर निळी दिसली. झाकण स्वतः उघडते आता, आणि छातीवर गुलाबी यायला लागलंय.

२५ फेब्रुवारी

चौथा फीडर परत उभा केला. जो अनुभव आला तो धरून शेवटचा नमुना लिहून ठेवते, म्हणजे पुढच्याला सहा महिने घालवायला नकोत. खांबाला लोखंडाऐवजी बाहेरून गुळगुळीत पीव्हीसी, त्यावर पत्र्याचा शंकू जमिनीपासून सव्वा मीटरवर. पाइप ३० सेमी, रोजचंच धान्य. ट्रेची भोकं ३ मिमी. झाकणाला रबर, मागे बोल्टवर स्टेनलेस वायसर, सुरुवात २५० ग्रॅमला. पट्टी १२ सेमी. बिजागऱ्या स्टेनलेसच्याच घ्या, नुसत्या मुलामा दिलेल्या दुकानात शेजारीच ठेवलेल्या असतात आणि दिसायला सारख्या, चुंबक नेलं तर काही वेळा कळतं, काही वेळा नाही, म्हणून पाकिटावरचं वाचा. एका फीडरचा खर्च आता दोन ट्रे धरून ४,१०० रुपये आणि निखिलच्या तीन संध्याकाळी.

चिनी पेरू पिकायला लागलाय, रस्त्याच्या कडेला लोक पिशव्या घेऊन उतरतात, मीठ-मिरची लावून खातात. मुक्तालाही फार आवडतो. खाल्लेल्याच्या बिया रानात थुंकायच्या नाहीत, डब्यात भरून घरी आणून उकळत्या पाण्यात टाकायच्या, हा नियम तिने माझ्याकडून घेऊन शाळेतही लावलाय.

राहिलेलं काम: तिसऱ्या जागेवर माकडांनी झाकण ओढून वाकवलंय, तिथे २ मिमी जाड पत्रा लागेल, वजन वाढणार म्हणून मागचे वायसर परत मोजायचे. सोमवारी पत्रा आणायचा.